यादीतलं एक्केचाळिसावं नाव

तिचं खरं नाव कारखान्यात फक्त पगारपत्रकाला ठाऊक होतं. बाकी सगळे तिला काबरंताई म्हणत. कुणी म्हटलं, आज चहा उशिरा येणार, तर ही लगेच विचारणार, "का बरं?" कुणी म्हटलं, अमक्यानं नोकरी सोडली, तर पुन्हा "का बरं?" आणि नुसतं विचारून थांबेल तर ती काबरंताई कसली! उत्तर मिळेपर्यंत समोरच्याचा पिच्छा पुरवायची. हे भोचकपणातून होत नसे. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं, म्हणून माणसं वैतागली तरी तिच्यावर रागावत नसत.

कारखाना पाण्याच्या मीटरांचा. सव्वीस वर्षं ती तिथं मीटर तपासत होती. लोखंडी बाकावर सहा मीटर ओळीनं जोडायचे, कॉक उघडायचा, मोजून शंभर लिटर पाणी त्यांतून सोडायचं आणि काट्यांवर किती दिसतं ते बघायचं. आकडा अठ्ठ्याण्णव ते एकशे दोनच्या आत असला तर पास, नाहीतर लाल खडूची फुली. दिवसभर पाण्याचा आवाज, हाताला कायम गारवा आणि पायात रबरी बूट.

दुपारच्या सुट्टीत एकदा तिच्या टेबलाशी तिघांची जुंपली. विषय म्युच्युअल फंडाचा. फोनवरच्या ॲपमधून तिघंही दरमहा पैसे गुंतवत होते. एकाचा फंड वर, दुसऱ्याचा खाली, तिसऱ्याला धोका नको पण परतावा भरपूर हवा. आखूडशिंगी, बहुदुधी गाय सगळ्यांनाच हवी असते. ताईनं डबा बंद करत विचारलं, "पण तुमचे पैसे जातात कुठं?"

"फंडात."

"आणि फंडातून?"

"बाजारात."

"बाजारात म्हणजे कुणाच्या हातात?"

एक म्हणाला, "ताई, वाढतात ना, मग बास की." दुसऱ्यानं घड्याळाकडे बघितलं. तिसरा उठून हात धुवायला गेला.

हे काही तिच्या गळी उतरेना. ज्यात आपण पैसे घालतो ते कुठं जातात हे तिघांतल्या एकालाही ठाऊक नसावं? संध्याकाळी तिनं धाकट्या बहिणीला फोन लावला. बहीण इस्पितळात नर्स, तिच्याकडेही ते ॲप होतं.

"ताई, तुला गुंतवायचेत का पैसे?"

"मला बघायचंय ते कुठं जातात. आमच्याकडे पाइप कुठं गळतोय ते कळत नसलं की पाण्यात थोडा रंग टाकतात आणि रंग कुठून बाहेर येतो ते बघत बसतात. तसे महिन्याला हजार टाकून बघते."

रविवारी सकाळी बहीण आली आणि दोघी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसल्या. ॲपनं आधी ओळखपत्राचा फोटो मागितला, मग चेहरा. डोळे मिटा, उघडा, मान डावीकडे वळवा. ताई इतक्या जोरात डोळे मिटायची की फोन म्हणायचा, चेहरा ओळखता येत नाही. तिचा नवरा दारात उभा राहून हे सगळं बघत होता. तो शाळेची बस चालवायचा आणि रविवारी त्याला घरात शांतता लागायची. तो म्हणाला, "मलाच विचार की, मी ओळखतो तो चेहरा."

मग आली प्रश्नावली. पहिले चार प्रश्न सरळ होते. पाचवा असा होता, 'जोखीम घेण्याची तुमची तयारी किती? कमी, मध्यम, जास्त.' बहिणीचं बोट 'मध्यम'वर गेलं होतं, तेवढ्यात ताईनं तिचा हात धरला.

"थांब. विचार करू दे."

"अगं, सगळे मध्यमच लिहितात."

"का बरं? मी कधी जोखीम घेतली आहे का, ते तरी आठवू दे."

आणि ती खरंच आठवायला लागली. एकोणिसाव्या वर्षी ती कारखान्यात लागली तेव्हा मीटरांच्या झाकणांना स्क्रू बसवायची. पाच वर्षांनी एकदा तपासणीच्या टाकीतून पाण्याचा हंडा भरताना तिला शंका आली, की टाकीवरची शंभर लिटरची खूण चुकीच्या जागी आहे. शेजारणीकडून दुधाचा दहा लिटरचा कॅन आणून तिनं जेवणाच्या सुट्टीत टाकी मोजली. खुणेपर्यंत एकशे तीन लिटर भरलं. म्हणजे कित्येक महिने चांगले मीटर बाद होत होते आणि वाईट मीटर पास! तेव्हाच्या मालकांसमोर जाऊन तिनं हे सांगितलं. मालकांनी स्वतः कॅन उचलून टाकी पुन्हा मोजली, आणि दुसऱ्या दिवसापासून ती तपासणीला आली.

"ती जोखीमच होती की," बहीण म्हणाली. "नोकरी गेली असती."

"आणि माझ्याशी लग्न केलंस, ते काय होतं?" नवऱ्यानं दारातूनच विचारलं.

"ती तुम्ही घेतलीत," ताई म्हणाली आणि 'जास्त'वर बोट ठेवलं.

दोन दिवसांनी तिच्या नावावर फंडातल्या हिश्श्याची युनिटं जमा झाली, बारा पूर्णांक काहीतरी. तीन-चार महिने ती ॲपमधली सगळी दारं उघडून बघत राहिली, आणि एका कोपऱ्यात तिला पाहिजे होतं ते सापडलं. फंड दर महिन्याला एक यादी जाहीर करत होता. आपण कोणत्या कंपनीत किती पैसे घातले, शंभरातले किती, सगळं त्यात. नावं एकूण बासष्ट. तिनं तपासणीच्या जुन्या तक्त्यांच्या पाठीवर ती सगळी उतरवून काढली आणि कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवले.

त्यानंतर घरात राहणं नवऱ्याला अवघड झालं. आंघोळीचा साबण यादीत सातवा. बसचे टायर बाविसावे. भिंतीचा रंग, दिव्याचा बल्ब, बहिणीच्या सुनेनं घेतलेली शिलाई मशीन, सगळं यादीत. दुकानात गेली की ती डबे उलटे करून बारीक अक्षर वाचायची. एखाद्या रविवारी बस पकडून यादीतल्या कुठल्या ना कुठल्या कारखान्याच्या फाटकापर्यंत जाऊन यायची. रंगाचा कारखाना, कागदाची गिरणी, बॅटऱ्यांचा कारखाना, बिस्किटांची फॅक्टरी. आत कोण सोडणार? बाहेरूनच बघायची, ट्रक मोजायची, पहारेकऱ्याशी चार शब्द बोलायची.

"नसती उठाठेव," नवरा म्हणायचा. "जग चाललंय ना, चालू दे."

"चालू देतेच आहे. फक्त कसं चालतं ते बघते."

यादीतली एकसष्ट नावं तिनं अशी ओळखीची करून घेतली. राहिलं एक. हे एक्केचाळिसावं नाव लांबलचक होतं आणि त्यावरून काहीच बोध होत नव्हता. 'अमुक अमुक इंडस्ट्रियल होल्डिंग.' पण नाव कुठंतरी वाचल्यासारखं वाटत होतं. आठवडाभर ते डोक्यात घोळत राहिलं. महिन्याच्या एक तारखेला पगाराची चिठ्ठी हातात आली आणि तिचे डोळे विस्फारले. चिठ्ठीच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत तेच नाव छापलं होतं. चार वर्षांपूर्वी जुन्या मालकांनी कारखाना विकला होता, तो याच कंपनीला.

म्हणजे आपण जिथं काम करतो त्या कारखान्यात आपलेच पैसे!

तिनं चिठ्ठीच्या मागंच हिशेब मांडला. सहा महिन्यांत सहा हजार टाकले. एक्केचाळिसाव्या कंपनीचा वाटा शंभरात एकाहून थोडा जास्त. म्हणजे बासष्ट रुपये. बासष्ट रुपयांत कारखान्यातलं काय येतं? पूर्ण मीटर तर नाहीच. झाकणाखालची काच आणि एक वॉशर, बास. पण काच तर काच, वॉशर तर वॉशर, आपले आहेत!

सुट्टीत तिनं हे टेबलावर सांगितलं आणि हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवसापासून कॉक सोडताना कुणीतरी ओरडायचं, "मालकीणबाई, पाणी सोडू का?" सुपरवायझर चांगला माणूस होता. तोही वाकून म्हणाला, "वॉशर जपून वापरतो हं, तुमचा असेल."

मधे बाजार पडला. बहिणीचा घाबऱ्या घाबऱ्या फोन आला, "ताई, माझे दीडशे कमी झाले, काढून घेऊ का?" ताईनं ॲप उघडून बघितलं. तिचेही कमी झाले होते. मग तिनं कपाट उघडून यादी बघितली. साबण विकला जातोय, बसला टायर लागतायत, रंगाच्या कारखान्यासमोर परवाच नऊ ट्रक होते. "कारखाने तर चालू आहेत," ती म्हणाली. "मग किंमत का बरं उतरली असेल?" बहिणीला या प्रश्नात काडीचाही रस नव्हता, पण ताईचा आवाज इतका शांत होता की तिनं पैसे काढले नाहीत.

आता मालकीण झालीच आहोत तर कंपनी काय म्हणते ते वाचावं, असं ताईला वाटलं. कंपनीचा वार्षिक अहवाल कुणालाही फुकट वाचता येतो, हा शोध तिला नव्यानंच लागला. दोनशे चौदा पानं. भाषा अशी जड, की एकेक वाक्य दोनदा वाचल्याशिवाय पुढं जाता येत नसे. रोज संध्याकाळी कणीक मळून झाली की ती आठ-दहा पानं वाचायची. एकशे सातव्या पानावर तिच्या कारखान्याचा फोटो होता. खाली वाक्य होतं, 'आमच्या कारखान्यातून बाहेर पडणारा प्रत्येक मीटर स्वतंत्रपणे तपासला जातो.'

तिनं ते तीनदा वाचलं. प्रत्येक?

वर्षभरापूर्वीच वरून हुकूम आला होता, की यंत्रं सुधारली आहेत, आता दहातला एकच मीटर तपासायचा. बाकीचे नऊ सरळ खोक्यात. तेव्हाही तिनं का बरं विचारलं होतं आणि "वेळ वाचतो" असं उत्तर मिळालं होतं. वेळ वाचत होता हे खरं होतं. पण मग हे 'प्रत्येक' कुठून आलं?

दुसऱ्या दिवशी तिनं फोन सुपरवायझरसमोर धरला. "हे आपल्याबद्दलच लिहिलंय ना?"

त्यानं वाचलं आणि फोन परत दिला. "ताई, छापील गोष्टी छापण्यासाठी असतात."

"आणि वाचण्यासाठी?"

"वाचतं कोण?"

त्या उत्तरानं ती दोन दिवस अस्वस्थ होती. तिसऱ्या दिवशी तिनं ॲपमधला 'तुम्हाला काही विचारायचं आहे का?' हा चौकोन उघडला. नवऱ्यानं चष्म्यावरून बघत विचारलं, "तू आता फंडवाल्यांना पत्र लिहिणार?"

"विचारायचं आहे का म्हणतायत. विचारते."

"अगं, तुझ्याच कारखान्याबद्दल? हात दाखवून अवलक्षण कशाला?"

"खोटं थोडंच लिहितेय! आणि आपले पैसे जिथं ठेवलेत ती जागा त्यांनी बघितली आहे का, एवढंच तर विचारायचंय."

तिनं लिहिलं, की मी तुमच्या यादीतल्या एक्केचाळिसाव्या कंपनीत मीटर तपासते, अहवालात प्रत्येक मीटर तपासतो असं छापलंय, पण आम्ही दहात एक तपासतो, हे तुम्हाला माहीत आहे का? पुढं आणखी लिहिलं आणि बटण दाबलं. लगेच उत्तर आलं, 'आपला प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' पुढचे सात आठवडे दुसरं काहीच आलं नाही.

मग एका मंगळवारी मॅनेजरसाहेब पाहुण्यांना घेऊन तपासणीच्या हॉलमध्ये आले. चाळिशीची एक बाई होती, हातात वही. "या फंडाकडून आल्या आहेत," साहेबांनी सुपरवायझरला सांगितलं, "आपल्या कंपनीत त्यांची गुंतवणूक आहे." ताईचे हात थांबले नाहीत. बाई तिच्या बाकापाशी येऊन उभी राहिली. शंभर लिटर पाणी जाऊन काटे थांबेपर्यंत गप्प बघत राहिली. बूट भिजले तरी हलली नाही.

"हे सहा मीटर कुठून निवडले?" तिनं विचारलं.

"साठांच्या खोक्यातून."

"उरलेले चोपन्न?"

साहेब मधेच म्हणाले, "आमची पद्धत अत्यंत आधुनिक आहे. प्रत्येक टप्प्यावर..."

"त्यांना विचारते," बाई सौम्यपणे म्हणाली.

ताईच्या मनात क्षणभर आलं, की खाली मान घालून 'साहेबांना माहीत' म्हणावं आणि मोकळं व्हावं. मग ती म्हणाली, "पूर्वी प्रत्येक मीटर तपासायचो. वर्षभर झालं, दहातला एक. असं का बरं केलं, ते साहेब सांगतील."

बाईनं वहीत लिहिलं. साहेबांचा चेहरा बाद झालेल्या मीटरवरच्या खडूसारखा लाल झाला.

निघायच्या आधी बाई हात धुवायला नळापाशी आली. ताई तिथंच बूट धूत होती. नळ चालू ठेवून बाई हळूच म्हणाली, "त्या चौकोनात पाचशेच अक्षरं मावतात. एका प्रश्नाचं शेवटचं वाक्य अर्धवट तुटलं होतं. ते काय असेल, असं वाटत राहिलं मला."

ताईनं तिच्याकडे बघितलं. "असं असेल, की यादीतल्या बासष्ट कंपन्यांपैकी किती तुम्ही स्वतः जाऊन बघितल्यात?"

बाईनं मनात मोजलं. "मी एकोणीस. इतरांनी मिळून पस्तीसेक."

"मी चार," ताई म्हणाली. "पण बाहेरून."

बाई एवढी मोकळी हसली, की साहेबांनी लांबून मान वळवून बघितलं.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. साहेबांनी बसायला सांगितलं नाही. "बाहेरच्या माणसासमोर असं बोलायची गरज होती?"

"विचारलं त्यांनी, साहेब. आणि त्या बाहेरच्या कशा? आपल्या मालकांपैकीच ना?"

त्याचा परिणाम व्हायचा तो झाला. तिची रवानगी पॅकिंगला झाली. खोकी जोडायची, चिकटपट्टी लावायची. सव्वीस वर्षांनी पहिल्यांदाच तिचे हात दिवसभर कोरडे राहिले आणि कातडी तडकली. टेबलावरचे विनोद थांबले, दोघं-तिघं तर तिच्याशेजारी बसायचंही टाळू लागले. एकदा घरी आल्यावर ती म्हणाली, "जास्तवर बोट ठेवलं होतं मी, नाही का?" नवऱ्यानं 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. तिच्या तळहातांना तेल चोळून दिलं आणि म्हणाला, "बोलली नसतीस तर आणखी आजारी पडली असतीस. मला काय माहीत नाही?"

अडीच महिने असे गेले. मग वरून नवा हुकूम आला. मोठे मीटर, म्हणजे इस्पितळं, वसतिगृहं, मोठ्या इमारतींना लागतात ते, यापुढं एकूण एक तपासायचे. लहान मीटर मात्र दहात एकच. मोठ्या मीटरांचा बाक चार इंची पाइपांचा, तो लावणं ताईशिवाय कुणाला नीट जमेना. दोन खेपा पाइप निसटून हॉलभर पाणी झालं, तेव्हा सुपरवायझर पॅकिंगमध्ये आला आणि टोपी हातात धरून उभा राहिला.

"ताई, चला आता."

"साहेब काय म्हणाले?"

"साहेब काही म्हणाले नाहीत. त्यांचे बूट भिजलेत."

ती परत गेली. हाताखाली दोन बायका दिल्या, त्यांना तिनं पाइप आवळण्यापासून सगळं शिकवलं. पुढच्या वर्षीचा अहवाल आला तेव्हा तिनं सरळ एकशे सातवं पान उघडलं. वाक्य बदललं होतं. 'मोठ्या आकाराचे सर्व मीटर व इतर मीटर नमुना पद्धतीने तपासले जातात.' लहान मीटरांचं काम पूर्वीसारखं झालं नव्हतं, फक्त कागद खरा बोलायला लागला होता. हे कमी की जास्त, हे तिचं तिलाच ठरवता येईना. अर्धी लढाई, असं तिनं बहिणीला सांगितलं.

त्याच सुमारास एका महिन्याच्या यादीतून एक्केचाळिसावं नाव गायब झालं. तिनं फंडाच्या मदत क्रमांकावर फोन लावला. पलीकडच्या मुलीनं सांगितलं, "मॅडम, फंडानं ते शेअर विकले आहेत."

"का बरं? आणि घेतले कुणी?"

"बाजारात विकले की कोण घेतं ते कळत नाही, मॅडम. कारणही आमच्याकडे नसतं." मग ती म्हणाली, "हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

म्हणजे काच गेली, वॉशर गेला. ताईला थोडंसं ओकंओकं वाटलं, पण महिन्याचे हजार तिनं चालूच ठेवले. कारण त्या जागी एक नवं नाव आलं होतं, आणि ती कंपनी काय करते हे ना बहिणीला सांगता आलं, ना सुपरवायझरला, ना बस डेपोतल्या कुणाला.

पुढच्या रविवारी दोन बस बदलून ती त्या कारखान्यापाशी पोचली. करडी भिंत, बंद फाटक, खुर्चीवर म्हातारा पहारेकरी. तिनं पाण्याची बाटली पुढं करून विचारलं, "इथं काय बनतं हो?"

पाणी पिऊन म्हाताऱ्यानं तिला नीट न्याहाळलं आणि खिशातून करंगळीच्या नखाएवढी एक करडी रबरी चकती काढून तिच्या तळव्यावर ठेवली. "इंजेक्शनच्या बाटलीचं बूच. सुई टोचली तरी फाटत नाही, काढली की आपोआप मिटतं. एवढं मोठं धूड उभंय ना, ते एवढ्याशा गोष्टीसाठी."

ताईनं ती चकती उजेडात धरून, दाबून, उलटीसुलटी करून बघितली. मग तिथंच भिंतीच्या सावलीत उभं राहून बहिणीला फोन लावला.

"अगं, इंजेक्शनच्या बाटलीला रबरी बूच असतं ना, ते बघितलंयस का कधी?"

"रोज वीसेक तरी टोचते मी, ताई." मग तीच म्हणाली, "पण बघितलं असं नाही. का बरं?"